चालवील त्याचा परवाना

२४ जुलै १९९१ रोजी केंद्र सरकारने नवे औद्योगिक धोरण जाहीर केले आणि अठरा उद्योगांचा अपवाद सोडता बाकी सर्व कारखानदारांच्या मानेवरचे परवान्याचे जोखड एका दिवसात उतरवले. लायसन्स-परमिट राज संपले, अशी दवंडी तेव्हा देशभर पिटण्यात आली. वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून मुक्ततेचे सुस्कारे उमटले. यानंतर सहाच वर्षांनी, १९९७ साली, महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत ऑटोरिक्षांचे नवे परवाने देणे बंद करण्यात आले. किती रिक्षा बनवाव्यात हे आकुर्डी-वाळूजच्या कारखान्यांनी आपल्या मर्जीने ठरवावे. ती रिक्षा रस्त्यावर कोणी आणावी हे मात्र सरकार ठरवणार! उदारीकरणाची गंगा कारखान्याच्या फाटकापर्यंत आली आणि तिथेच आटली. जो माल बनवतो त्याला मोकळीक आणि जो त्या मालावर पोट भरतो त्याला परवाना, असा हा न्याय होता. आश्चर्य याचे की त्याविरुद्ध त्या वेळी फारसा कोणी आवाज उठवला नाही. डाव्या आणि समाजवादी चळवळीनेही नाही.

चळवळीचे मौन अकारण नव्हते. संख्येवर मर्यादा असली म्हणजे असलेल्या रिक्षावाल्याच्या ताटातली भाकरी सुरक्षित राहते, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत अर्धीच खरी होती, आणि उरलेल्या अर्ध्या भागाने तीस वर्षांत काय केले ते आता तपासले पाहिजे.

रिक्षा चालवणाऱ्याला तीन कागद लागतात. पहिला वाहन चालवण्याचे लायसन्स, दुसरा बिल्ला, ज्याला सगळे बॅज म्हणतात तो, आणि तिसरा परवाना, म्हणजे परमिट. पहिले दोन माणसाला मिळतात. त्याला वाहन चालवता येते की नाही, प्रवाशांची ने-आण करण्यास तो योग्य आहे की नाही, एवढेच त्यांतून सिद्ध होते. तिसरा कागद १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ६६व्या कलमाखाली वाहनाच्या मालकाला मिळतो. त्याचा चालवण्याच्या लायकीशी काही संबंध नाही. धंदा करण्याचा हक्क तो देतो, आणि तो हक्क हातात असलेल्या माणसाने स्वतः कधी हँडलला हात लावलाच पाहिजे असे नाही. या धंद्यातला सारा अन्याय पहिल्या दोन कागदांच्या आणि तिसऱ्या कागदाच्या मधल्या फटीत दडलेला आहे. ज्याच्याजवळ लायसन्स आणि बॅज आहे त्याच्या वाट्याला श्रम येतात. ज्याच्याजवळ परमिट आहे त्याच्या वाट्याला उत्पन्न.

पहिल्या कागदावरून केवढा काथ्याकूट झाला हे पाहण्यासारखे आहे. हलके वाहन चालवण्याचे लायसन्स असलेल्याने हलके प्रवासी वाहन चालवले तर ते लायसन्स अपुरे मानावे, म्हणजे अपघाताची भरपाई द्यावी लागणार नाही, असा आग्रह विमा कंपन्यांनी वर्षानुवर्षे धरला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो फेटाळला, आणि अशा चालकांमुळेच अपघात वाढतात हे दाखवणारी कोणतीही आकडेवारी समोर आलेली नाही, हेही नोंदवले. चालकाच्या लायकीवर असा वाद घटनापीठापर्यंत जाऊ शकला. परवानाधारकाने रिक्षा स्वतः चालवावी की नाही, हा वाद मात्र कोणाला तितक्या निकराने लढावासा वाटला नाही.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त शिकवतात. जमिनीचा पुरवठा वाढवता येत नाही. लोकसंख्या वाढते, धान्याची मागणी वाढते, आणि जमिनीचा मालक काहीही न करता अधिकाधिक खंड घेऊ लागतो. १९९७ नंतर रिक्षाच्या परवान्याचे नेमके हेच झाले. उपनगरे फुगली, अंधेरी-घाटकोपर-मुलुंडपासून कोथरूड-हडपसरपर्यंत माणसांचा लोंढा वाढला, सार्वजनिक बससेवा मागणीच्या मानाने तोकडी पडत गेली, आणि परवान्यांची संख्या जागच्या जागी गोठून राहिली. जी वस्तू सरकारने नाममात्र शुल्क घेऊन दिली, तिला बाजारात भाव आला. कायद्याचे ८२वे कलम सांगते की प्राधिकरणाच्या परवानगीवाचून परवाना एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकत नाही. पण कागद एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, ही कला या देशाला जमीनदारीने केव्हाच शिकवून ठेवली आहे. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली तीनचाकींची संख्या गोठवली आणि २०११ साली ती मर्यादा एक लाखापर्यंत वाढवून दिली. मधल्या वर्षांत तिथे खुद्द वाहनाच्या किमतीपेक्षा परवान्यालाच अधिक मोल आले. सार्वजनिक परवानगीची अशी खासगी मालमत्ता झाली.

आणि त्या मालमत्तेवर खंड कोण भरतो? शिफ्टने रिक्षा चालवणारा. सकाळी गाडी ताब्यात घ्यायची, रात्री परत करायची, आणि प्रवासी मिळोत न मिळोत, ठरलेली रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची. गॅस त्याचा, पोलिसाची पावती त्याची, आजारपणाचा खाडा त्याचाच. उरेल ते घरी न्यायचे. अर्धेलीने शेत कसणाऱ्याला निदान दुष्काळात निम्मा दुष्काळ मालकाच्या अंगावर टाकता येत असे. या कुळाला तीही सोय नाही. तरी रिक्षा थांबत नाही, मीटर जलद फिरते, भाडे नाकारतात, या सर्व तक्रारींचा धनी तोच! सकाळी आठ वाजल्यापासून मालकाची रक्कम डोक्यावर घेऊन निघालेला माणूस दीड किलोमीटरचे भाडे का टाळतो, हे समजायला नीतिशास्त्राची गरज नाही, अंकगणित पुरेसे आहे.

गोठवणुकीचे समर्थन रस्त्यांवरील गर्दीच्या नावाने करण्यात आले. हे समर्थन मान्य करायचे तर ते सर्वांना सारखे लागू करावे लागेल. मोटारगाडी विकत घेणाऱ्याला परवाना लागत नाही, तो किती गाड्या घेतो हे कोणी विचारत नाही, आणि त्याची गाडी दिवसातले बावीस तास रस्त्याच्या कडेला फुकट उभी असते. दिवसभरात कित्येक माणसांना घरी, दवाखान्यात, स्टेशनावर पोचवणारी रिक्षा मात्र गर्दी करते! मुंबईच्या बेट शहरात तर रिक्षाला प्रवेशच नाही. वांद्रे आणि शीव ओलांडले की तीन चाकांचे वाहन बेकायदेशीर ठरते. तिथला रस्ता रिक्षाच्या भाराने खचेल असे कोणी म्हणत नाही. तिथल्या रस्त्यावर ती शोभत नाही, एवढेच.

परवान्याच्या टंचाईतून जेव्हा असंतोष साचला तेव्हा सत्ताधाऱ्यांनी त्याला फार सोयीचे वळण दिले. २०१६ साली परवान्यासाठी मराठी बोलता येण्याची अट घालणारे परिपत्रक निघाले. मुंबईतील बहुसंख्य परवाने अमराठी माणसांकडे आहेत अशी भाषणे झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये, या अटीला कायद्याचा आधार नाही म्हणून ती रद्द ठरवली. महाराष्ट्रात प्रवाशाशी मराठीत बोलावे ही अपेक्षा रास्तच आहे, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु परवाना मराठी माणसाच्या नावावर आणि रिक्षा चालवणारा जौनपूरचा किंवा जालन्याचा भाडोत्री, ही स्थिती असताना भाषेची परीक्षा कोणाची घेतली जाणार होती? मालक मराठी असला म्हणून खंड कमी होत नाही. परवाना कोणत्या भाषेत बोलतो यावर इतकी चर्चा झाली की परवाना कोणाच्या खिशात जातो हा प्रश्न विचारायला कोणाला सवड उरली नाही.

जून २०१७ मध्ये राज्य सरकारने परवान्यांवरील मर्यादा उठवली. टंचाई हे खंडाचे मूळ असेल तर मुक्त परवान्याने चालक मुक्त व्हायला हवा होता. बाजारपेठेच्या भक्तांनी तसे भाकीतही केले. प्रत्यक्षात झाले ते असे. भाडोत्री चालकाला परवाना मिळाला, पण रिक्षा घेण्यासाठी भांडवल मिळाले नाही. ते फायनान्स कंपनीने दिले, तिच्या व्याजाने आणि तिच्या अटींवर. रोज मालकाला जाणारी रक्कम दर महिन्याच्या हप्त्यात रूपांतरित झाली, आणि दोन हप्ते थकले की वसुलीवाले भर चौकातून गाडी ओढून नेऊ लागले. जमीनदार गेला आणि त्याच्या जागी सावकार आला, हा अनुभव या राज्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही. शिवाय संख्या बाजारावर सोडली तरी भाडे सरकारच्याच हातात राहिले. मुंबई महानगर प्रदेशात पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ रुपये झाले. ते २६ रुपये व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडावा लागला. प्रवाशाच्या दृष्टीने भाड्यावर नियंत्रण असलेच पाहिजे. पण एका बाजूने किंमत बांधायची आणि दुसऱ्या बाजूने स्पर्धक अमर्याद सोडायचे, आणि यातून होणारा तोटा ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यावर टाकायचा, याला धोरण म्हणता येत नाही.

त्यातच १८ ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने केंद्राने विजेवर चालणाऱ्या प्रवासी वाहनांना परवान्याच्या अटीतून वगळले. धुराच्या दृष्टीने विचार केला तर वीज चांगलीच, त्याबद्दल वाद नाही. पण कालपर्यंत ज्या कागदासाठी माणसाने आयुष्य तारण ठेवले, तो कागद शेजारच्या रिक्षाला लागतच नाही, हे त्याला एका सकाळी कळते, आणि त्याच्या कर्जाचे काय याचे उत्तर अधिसूचनेत नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याचे रिक्षावाले दुचाकी टॅक्सीविरुद्ध रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांना प्रगतीचे शत्रू ठरवण्यात आले. स्वतःवर परवाना, बिल्ला, मीटर, योग्यता प्रमाणपत्र, विमा यांचे ओझे आणि समोरच्याकडे खासगी दुचाकी व एक मोबाईल, ही स्पर्धा कोणत्या पाठ्यपुस्तकात मुक्त म्हणून सांगितली आहे?

मोबाईलमधील नव्या मध्यस्थाला २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात ‘अ‍ॅग्रिगेटर’ म्हणून स्थान मिळाले. केंद्राच्या जुलै २०२५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चालकाचे स्वतःचे वाहन असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के हिस्सा त्याला मिळावा. उरलेला वीस टक्क्यांपर्यंतचा वाटा कशाबद्दल? रिक्षा त्याची नाही, गॅस त्याचा नाही, रस्ता महापालिकेचा आहे. प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणे एवढेच त्याचे काम, आणि ते कोपऱ्यावरचा रिक्षास्टँड एक पैसाही न घेता करत आला आहे. केरळ सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘केरळ सवारी’ ही स्वतःची सेवा काढली तेव्हा ती ८ टक्के सेवाशुल्कावर उभी केली. ती खासगी कंपन्यांइतकी पसरली नाही हे खरे आहे, पण आठ टक्क्यांतही हे काम करता येते एवढे तिने दाखवून दिले.

तात्पर्य, गोठवलेला परवाना मालकाला फळला आणि मोकाट सोडलेला परवाना सावकाराला व कंपनीला फळला. चालक दोन्ही वेळा कूळच राहिला. म्हणून ‘मर्यादा हवी की नको’ हा वादच चुकीच्या जागी चालला आहे. परवाना कोणाचा, हा खरा प्रश्न. आणि समाजवादी चळवळीला त्याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. मुंबई कूळवहिवाट कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. तेच तत्त्व रस्त्यावर आणायचे आहे. जो स्वतः चालवतो त्याला एक आणि एकच परवाना. तो विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही. चालवणे थांबले की तो प्राधिकरणाकडे परत जाईल आणि जो बिल्लाधारक भाडोत्री म्हणून सर्वांत अधिक वर्षे राबला त्याला पहिल्याने मिळेल.

यावर एक आक्षेप गंभीर आहे, आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दिल्लीत सायकलरिक्षांच्या बाबतीत ‘मालक तोच चालक’ असा नियम महापालिकेने केला होता. उच्च न्यायालयाने २०१० साली तो रद्द केला, कारण ज्याला रिक्षा विकत घेण्याची ऐपत नाही अशा स्थलांतरित मजुराचा रोजगारच त्या नियमाने हिरावला जात होता. हा आक्षेप खरा आहे. पंजाबमध्येही असेच घडले. तिथे १९७५ साली कायदा झाला की स्वतः ओढणाऱ्या मालकालाच सायकलरिक्षाचे लायसन्स मिळेल, आणि अमृतसरचे भाड्याने रिक्षा ओढणारे शेकडो गरीब त्या पुरोगामी कायद्यानेच बेकार होण्याची वेळ आली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्द न करता त्यातली उणीव भरून काढली. पंजाब नॅशनल बँकेने या चालकांना कर्ज द्यावे, त्यातून त्यांनी रिक्षा घ्यावी आणि लायसन्स मिळवावे, अशी योजनाच निकालपत्रात आखून देण्यात आली. मालकीचा हक्क आणि भांडवलाची सोय एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे पंचेचाळीस वर्षांपूर्वी या देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने लिहून ठेवले आहे. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ते वाचले असावे असे दिसत नाही.

न वाचण्याची सबब आता चालणार नाही, कारण तीच गोष्ट महाराष्ट्राच्या दारात येऊन ठेपली आहे. माथेरानच्या डोंगरावर माणसाने माणसाला ओढण्याची अमानुष प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा मिळाव्यात यासाठी राज्याने गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर योजना करावी, आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले. माथेरानमध्ये जे तत्त्व मान्य होते ते मुलुंडमध्ये अमान्य का व्हावे? भांडवल सार्वजनिक, श्रम चालकाचे आणि परवाना श्रमाबरोबर जाणारा, एवढीच ही मागणी आहे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ साली अतिदुर्बलांसाठी चार टक्के व्याजाची योजना निघाली. त्या बँका आजही सरकारच्या मालकीच्या आहेत. रिक्षावाल्याला फायनान्स कंपनीच्या दारात उभे राहावे लागते ते बँका नाहीत म्हणून नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक. अनेक परवाने म्हाताऱ्या, अपंग झालेल्या चालकांच्या किंवा त्यांच्या विधवांच्या नावावर आहेत, आणि शिफ्टवाल्याकडून येणाऱ्या रकमेवर ती घरे चालतात. या माणसांना जमीनदार म्हणणे क्रूरपणाचे होईल. कूळकायद्यानेही विधवा, अज्ञान मुले आणि अपंग यांच्या जमिनींबाबत कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला होता. इथेही तशी मुदत ठेवता येईल. पण वृद्ध चालकाची भाकरी तरुण चालकाच्या ताटातून काढून देणे ही सामाजिक सुरक्षा नसून ती सरकारने आपली जबाबदारी एका गरिबाकडून दुसऱ्या गरिबावर ढकलणे आहे. २०२४ साली राज्याने रिक्षा-टॅक्सीचालकांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन केले. आयुष्यभर रस्त्यावर घालवलेल्या माणसाला पोटापुरते निवृत्तिवेतन ते देणार नसेल तर त्या मंडळाच्या नावातील ‘कल्याण’ हा शब्द काढून टाकावा.

पळवाटांची कल्पना मात्र आधीच असू द्यावी. १९४८च्या कूळकायद्याची पाहणी करून वि. म. दांडेकर व खुदनपूर यांनी १९५७ साली गोखले संस्थेतर्फे अहवाल प्रसिद्ध केला. कुळे ‘स्वखुशीने’ जमिनी सोडून देत होती, असे कागद सांगत होते. ती स्वखुशी कसली होती हे त्या अहवालाने उघड केले. रिक्षाचा कायदा बदलला तर शिफ्टवालाही उद्या नोंदीपुरता मालक होईल, कोऱ्या कागदावर सही देईल आणि पूर्वीसारखीच रक्कम पोचवत राहील. त्याला आडकाठी कायद्याच्या कलमाने होत नाही. संघटनेनेच ती करावी लागते.

आणि इथे चळवळीला स्वतःच्या घरात पाहावे लागेल. मुंबईच्या टॅक्सीचालकांना जॉर्ज फर्नांडिस यांनी संघटित केले, उपनगरांतल्या रिक्षाचालकांची युनियन शरद राव यांनी बांधली, पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली रिक्षा पंचायत उभी राहिली. हा वारसा लहान नाही. पण एकाच संघटनेत दोन परवान्यांचा धनी आणि त्याच्याच गाडीवर राबणारा भाडोत्री शेजारी शेजारी बसतात, तेव्हा भाडेवाढीच्या मागणीवर दोघांचे एकमत होते आणि शिफ्टच्या रकमेवर सभा गप्प बसते. २०१७ नंतर पुन्हा पुन्हा उठलेली ‘मुक्त परवाना बंद करा’ ही मागणी याच सभांतून येते. ती पुरी झाली आणि दुसरे काहीच बदलले नाही, तर परवान्याला पुन्हा भाव येईल आणि शिफ्टची रक्कम वाढेल.

रिक्षा संघटनांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आरंभ सभासदांच्या नोंदवहीपासून करावा. प्रत्येक नावापुढे तीन रकाने पाडावेत: परवाना कोणाच्या नावावर, रिक्षा कोण चालवतो, आणि कोण कोणाला रोज किती देतो. परिवहन प्राधिकरणाकडे ही माहिती नाही, आणि मागितल्याशिवाय ते ती गोळाही करणार नाही. या नोंदवह्या हाती असल्या तर भाडेवाढीच्या पुढच्या बैठकीत चालकांच्या प्रतिनिधींना गॅसच्या दराबरोबर शिफ्टच्या दरावरही बोलता येईल.